हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीतली बाई

बाईला जिवंत करण्यासाठी कविराजांना बारा दिवसांची मुदत मिळाली होती, आणि त्यांतले तीन नुसते पेन्सिलीला टोक करण्यात गेले होते.

बाई आजारी नव्हती. तसे असते तर डॉक्टरांवर ढकलून मोकळे होता आले असते. ती एका व्हिडिओ गेममध्ये राहत होती. माणसे निघून गेलेले एक शहर, धुक्याने भरलेल्या गल्ल्या, आणि एका ओसाड स्थानकात हरवलेल्या वस्तूंची खिडकी. खेळणारा त्या खिडकीशी येई, बाई विचारी, "काय हरवलं?", आणि कंदील, दोर, नकाशा यांपैकी जे हवे ते काढून देई. हे काम ती इतके चोख करी, की खेळ तपासणाऱ्या चारही परीक्षकांना नंतर तिचा चेहरा आठवेना. एकाला तर तिथे बाई होती की कपाट, याचीच खात्री नव्हती.

"सर," कंपनीची प्रमुख म्हणाली, "तुमच्या बाईकडून वस्तू मिळते. बाई मिळत नाही." ही प्रमुख कविराजांहून वीस वर्षांनी लहान होती, पायांत पळण्याचे बूट घाली, आणि सगळे तिला कप्तान म्हणत. "मला ती गुंतागुंतीची हवी आहे. तिच्यापुढे खेळणारा कंदील विसरला पाहिजे."

"कंदील विसरला तर पुढच्या बोगद्यात तो मरेल," कविराज म्हणाले. त्यांनी खेळाची नियमावली मन लावून वाचली होती.

"मरू दे," कप्तान म्हणाली.

कविराज हे नाव त्यांना इमारतीने दिले होते, आणि ते देताना इमारतीचा हेतू शुद्ध नव्हता. आधुनिक कवितेवर त्यांनी पदवी मिळवली होती आणि त्या पदवीच्या बळावर चौदा वर्षे धुलाई यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या होत्या. 'झाकण नीट लागले आहे याची खात्री करा' हे त्यांचे सर्वांत जास्त छापले गेलेले वाक्य. आणि तेही कुणी वाचत नाही, हे दुःख त्यांनी एकट्याने सोसले होते. आता प्रथमच त्यांच्या शब्दांपुढे कुणीतरी थांबणार होते. बाई पसंत पडली तर ही नोकरी कायम; नाही तर पुन्हा झाकणे. यंत्रवाल्या कंपनीने त्यांची खुर्ची अजून कुणाला दिली नव्हती. ज्याने ही बातमी कळवली, त्याने ती आनंदाची म्हणून कळवली होती.

घरात एकदा उच्चारलेली गोष्ट इमारतीच्या जिन्यात आपोआप उतरते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी कविराजांना कठड्याशी अडवले.

"दुःख द्या तिला. लहानपणचं. मुळाशी ठणका असल्याशिवाय माणूस तोंड उघडत नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

तळमजल्यावर निवृत्त तपासनीस कुलपाला तेल घालत बसले होते. ते म्हणाले, "दुःख दिसत नाही, कविराज. एक डोळा काढून घ्या. डोळा नसलेली बाई दिसली की माणूस आपण होऊन विचारतो, कसा गेला? चौकशी सुरू झाली की अर्धं काम झालं."

"दुःख कशाला आणि डोळा कशाला?" सासूबाई घरात म्हणाल्या. त्या लेकीकडे चार दिवसांसाठी आल्या होत्या, त्याला आता सहा वर्षे होत होती. "कुणी येतंय का म्हणून ती नुसती बसून राहते, तेच चुकतंय. तिला तिची कामं नाहीत का?"

हा सल्ला कविराजांनी वहीत उतरवला नाही. सासूबाईंचे सल्ले वहीत उतरवायचे नाहीत, हे त्यांचे लग्नापासूनचे धोरण होते.

बाकीचे सारे त्यांनी पात्रपत्रकात भरले. पात्रपत्रक म्हणजे संगणकावरचा एकेचाळीस चौकोनांचा तक्ता. त्यातला एक जरी रिकामा राहिला तरी तो लाल होऊन लुकलुकत राही आणि पात्र पुढे सरकत नसे. कविराजांनी बाईची आई मारली, घर जाळले, भाऊ बुडवला, प्रियकर परागंदा केला आणि डावा डोळा घेतला. एकेचाळिसावा चौकोन 'गुपित' असा होता. तिथे त्यांनी एक जुळी बहीण घातली.

चाचणीच्या दिवशी खेळणारा खिडकीशी येताच बाई, काय हरवलं हे विचारण्याआधी, स्वतःचे काय काय हरवले ते सांगू लागली. पहिल्या दुःखाला परीक्षकांनी माना खाली घातल्या. दुसऱ्याला एकाने जांभई दिली. तिसऱ्याला आणखी एक जण पडद्यालाच म्हणाला, "मावशी, कंदील द्या हो. बाहेर लांडगा आहे."

कप्तानने दिवे लावले. "सर, आता ती कपाट नाही राहिली. तक्रारपेटी झाली. आणि हे गुपित... खरं सांगा, तुम्हाला तरी खरं वाटतं?"

कविराजांचे डोके दुखू लागले. डोके दुखणे हा त्यांच्या अपमानाचा नेहमीचा मार्ग होता. ते त्या दिवशी चार वाजताच घरी परतले.

दार लोटलेले होते. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. दुपार घरभर पाण्यासारखी साचलेली, आणि तिच्या तळाशी प्रत्येक वस्तू आपापल्या जागी बुडून राहिलेली: खुर्ची, पाणी प्यायचा तांब्या, दोरीवरचा टॉवेल. कविराज बूट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थबकले.

त्यांची पत्नी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

ती सकाळच्या शाळेत भूगोल शिकवी; या वेळी घरी असणे नवलाचे नव्हते. भिंतही ओळखीचीच. तिच्यावर ना दिनदर्शिका, ना खिळा, ना साधी भेग. त्या कोऱ्या चुन्यापुढे, हातभर अंतरावर, ती समोर कुणी उभे असावे तशी उभी होती. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, तीन. चार बोटांची बारा पेरे. ती अकरापर्यंत आली आणि थांबली. मान किंचित कलली. भिंतीने काही सांगितले असावे तशी ती हलकेच हसली, आणि पुन्हा पहिल्या पेरापासून सुरुवात केली. हे तीनदा झाले. मग ती वळली, तिने ओट्यावरचा कपडा उचलला, आणि दारातल्या नवऱ्याला पाहून म्हणाली, "अहो, बूट हातात का?"

घड्याळात सव्वाचार वाजून गेले होते.

बावीस वर्षांच्या संसारात त्यांना बायकोच्या चपलेचे माप, ताप चढण्याची तऱ्हा, रागाच्या पाच जाती ठाऊक झाल्या होत्या. या बाईची आणि आपली गाठ आजवर पडलेली नाही, एवढे मात्र त्यांना तिथे, मोज्यांवर उभे असताना, स्वच्छ कळले. मानेवर गार बोट टेकावे तसे ते कळणे होते.

पुढचे दोन दिवस त्यांनी कचेरीतून अर्धी रजा घेतली आणि फ्रिजमागे उभे राहिले. फ्रिजमागे उभे राहणे ही मध्यमवयीन पुरुषाला शोभणारी गोष्ट नव्हे. पण जगातले पुष्कळ शोध अडचणीच्या जागीच लागले असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दोन्ही दिवस सव्वाचारला ती आली. दोन्ही दिवस अकरा पेरे. दुसऱ्या दिवशी हसू जरा उशिराने आले.

"जावईबापू," मागून कुजबुज ऐकू आली, "फ्रिजमागं काय हरवलंय?"

"काही नाही. वायर बघत होतो."

"वायर त्या बाजूला आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि मग, लेकीच्या पाठीकडे एकवार पाहून, आवाज आणखी उतरवून, "बघू नका हो तिच्याकडं. लहानपणीही तशीच उभी राहायची. मी एकदा बघितलं, तर चार दिवस जेवली नाही."

हाही सल्ला वहीत गेला नाही.

खेळातल्या माणसांच्या अंगात सांगाडा बसवून त्यांना हालते करणारा एक कारागीर कंपनीत होता. सगळे त्याला हाडवैद्य म्हणत. बाईने कसे उभे राहायचे ते कविराजांनी त्याला शब्दांत समजावले. हाडवैद्य म्हणाला, "शब्द नकोत, सर. करून दाखवा," आणि त्याने त्यांना अंगाला घट्ट बसणारा एक काळा पोशाख दिला. त्यावर सांध्यासांध्याशी चकाकत्या गोळ्या होत्या; त्यांची हालचाल टिपून संगणक ती बाईच्या अंगात उतरवी. पन्नाशीतला, आधुनिक कवितेत मुरलेला गृहस्थ त्या पोशाखात अठरा तरुण सहकाऱ्यांसमोर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून स्वतःच्या बायकोसारखा उभा राहिला.

"पोट आत घ्या, सर. पोटावरच्या गोळ्या बाईच्या गुडघ्यात शिरताहेत."

पोट आत गेले. अंगठा सरकू लागला. अकरा. मान कलली. हसण्याच्या जागी कविराजांना हसू आले नाही. भिंत खरोखरच काही बोलली तर काय करायचे, या विचाराने त्यांचे ओठ थोडे हलले, एवढेच.

"हे झकास होतं," हाडवैद्य म्हणाला.

मग कविराजांनी आयुष्यातले पहिले संपादन केले. आई, भाऊ, प्रियकर, जुळी बहीण सारे पुसून टाकले आणि गुपित सोडून बाकी चौकोनांत 'नाही' एवढेच लिहिले. डोळा परत दिला. उरले "काय हरवलं?" एवढे दोन शब्द, आणि खेळणारा काहीच करत नसेल तेव्हा बाईने आपल्या मागच्या भिंतीकडे वळून उभे राहायचे. 

या वेळी चाचणीत पहिला परीक्षक खिडकीशी आला आणि काय मागावे या विचारात क्षणभर थांबला. बाई वळली. मोजू लागली. त्याने हातातले यंत्र मांडीवर ठेवले. दुसऱ्याने ठेवले. पडद्यावर लांडगा आला, खेळणाऱ्याला खाऊन गेला, खेळ पुन्हा खिडकीपासून सुरू झाला. कुणी बोट हलवले नाही. चार धडधाकट माणसे खुर्च्यांच्या कडांवर बसून एका पाठमोऱ्या बाईला पाहत होती. अकराव्या पेराशी ती थांबली की त्यांचे श्वास थांबत. खोलीतल्या पंख्याचा आवाज मोठा झाला.

"ती काय मोजतेय?" एकाने विचारले, आणि विचारताना, कसे कोण जाणे, त्याचा आवाज घरात कुणी झोपले असावे तसा खाली आला होता.

"सर," कप्तान म्हणाली, "आजवर आम्ही बायकांना तलवारी दिल्या, जखमा दिल्या. पण आपण काही मागत नसतो तेव्हा ती काय करते, हे कुणी दाखवलंच नव्हतं." तिने डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला. "फक्त एक चौकोन राहिला. गुपित. ते भरा, मी सही करते. आणि बनवून लिहू नका. बनवलेलं मला कळतं."

एकेचाळिसावा चौकोन लाल लुकलुकत होता.

कविराजांनी प्रामाणिकपणे बनवून पाहिले. बुडालेली जहाजे लिहिली; कप्तानने नाकारली. न आलेली पत्रे नाकारली. तेव्हा, मुदतीला तीन दिवस उरले असता, सकाळच्या चहाला त्यांनी अत्यंत सहज, म्हणजे आदल्या संध्याकाळपासून तयारी करून, विचारले, "अगं, तू दुपारी भिंतीपाशी काय मोजतेस?"

कप ओठांपाशी थांबला. "मी? कुठल्या भिंतीपाशी?"

"स्वयंपाकघरातल्या."

"तुम्ही त्या वेळी घरी असता?"

सासूबाईंनी आपली बशी उचलली आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. त्या दुपारी सव्वाचार आले आणि गेले. ती खुर्चीत बसून होती. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, बोटे उघडी. दुसऱ्या दुपारीही तेच. तिने विसरलेले काही आठवायचा प्रयत्न करावा तसा एकदा अंगठा उचलला, पहिल्या पेरापर्यंत नेला, आणि पुढची वाट न सापडल्यासारखा परत ठेवला. जेवण तिने दोन घासांत संपवले.

त्याच संध्याकाळी कचेरीत हाडवैद्याने कविराजांना दाराशीच गाठले.

"सर, तुम्ही पेरं किती दिली होती मला?"

"अकरा."

"मी अकराच बसवली. मूळ चित्रण तीनदा तपासलं." त्याने पडद्याकडे बोट दाखवले. बाई मोजत होती. नऊ, दहा, अकरा. मान कलली. आणि मग अंगठा, हलकेच, करंगळीच्या टोकावर, बाराव्या पेरावर गेला. बाईचे खांदे खाली आले. फार दिवसांनी घरी पोहोचलेल्या माणसाचे येतात तसे.

आपण नक्कल केली, असे कविराज समजत होते. नक्कल केली तर मूळ वस्तू जागच्या जागी राहते. ही तर उचलून आणली होती.

घरी जाऊन त्यांनी सगळे कबूल केले: फ्रिज, काळा पोशाख, बारावे पेर. पत्नीने ऐकून घेतले. रागाच्या पाच जातींपैकी एकही तिच्या चेहऱ्यावर आली नाही, आणि त्यामुळे कविराजांना उभे राहण्यास जागा उरली नाही.

"उद्या शाळा सुटली की येते," ती म्हणाली. "मला दाखवा."

उद्या म्हणजे शुक्रवार, मुदतीचा दिवस. ती आली तेव्हा बाहीवर खडूची भुकटी होती आणि खांद्याला तपकिरी पर्स. कप्तानने स्वतः खुर्ची दिली. परीक्षक उठून उभे राहिले. पडद्यावर बाई भिंतीकडे वळली.

"माझे खांदे एवढे पडलेत?" पत्नीने विचारले.

"ते माझे आहेत," कविराज म्हणाले.

"तरीच."

कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. पडद्यावरचा अंगठा बोटांवरून सरकू लागला होता. पत्नी पाहत होती. तिचे स्वतःचे हात मांडीवर होते, कुणी सांभाळायला देऊन गेलेल्या सामानासारखे. बारावे पेर आले तेव्हा तिने डोळे मिटले, आणि मिटलेल्या पापण्यांखाली काहीतरी हलताना कविराजांना दिसले.

कप्तान तिच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. "मॅडम, एकच चौकोन आहे. दोन ओळी. तुमचं नाव कुठंही येणार नाही. हजारो माणसं हिच्यापुढं थांबतील. आणि सरांची नोकरी..."

पत्नीने कप्तानकडे पाहिले नाही. तिने कविराजांकडे पाहिले. त्या नजरेत विनंती नव्हती. एखाद्या नकाशावर आपले गाव दाखवले आहे का, हे पाहावे तसे ते पाहणे होते.

कविराज उभे राहिले. चौदा वर्षांची झाकणे त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक बंद होत गेली.

"तो चौकोन रिकामा राहील," ते म्हणाले. "ते माझं नव्हे. मी न विचारता आणलं. तुम्ही बाई रद्द करा. मी सोमवारपासून यंत्रांकडे जातो."

कप्तान काही बोलणार, तोच पत्नी उठली. "हिच्याशी बोलायचं कसं?" तिने हाडवैद्याला विचारले.

"हे बटण दाबलं की ती विचारते. मग खालच्या तीन वस्तूंतली एक निवडायची."

तिने बटण दाबले. पडद्यावरची बाई भिंतीकडून वळली, खिडकीशी आली.

"काय हरवलं?"

खाली कंदील, दोर आणि नकाशा आले. पत्नीने त्यांतले काही निवडले नाही. ती पडद्याच्या अगदी जवळ झुकली आणि काहीतरी बोलली. इतके हळू, की शेजारी उभ्या कविराजांना फक्त तिच्या श्वासाने काचेवर उठलेले धुके दिसले. बाईला ते ऐकू जाण्याचे कारण नव्हते. हाडवैद्याने तिला कान बसवले होते ते केवळ डूल लटकवण्यासाठी.

बाई खाली वाकली. कंदिलासाठी ती रोजच वाकत असे, म्हणून कुणी दचकले नाही. पण ती वर आली तेव्हा हातात कंदील नव्हता. मिटलेली मूठ तिने फळीवर ठेवली आणि उघडली. तळव्यावर काहीही नव्हते.

पत्नीने हात पुढे केला. तिची बोटे काचेशी टेकली, मिटली, आणि मूठ तशीच जपून पर्सपर्यंत गेली. पर्स उघडली, बंद झाली. खटका वाजला.

"चला," ती म्हणाली.

ते दोघे खोलीबाहेर पडले. मागे कुणाची तरी खुर्ची कोसळली. "सर!" कप्तानची हाक व्हरांड्यातून धावत आली. "ती मोजायची थांबलीय! दाराकडे बघतेय, सर! तुम्ही गेलात त्या दाराकडे! हे कुणी बसवलं? सर, तो चौकोन राहू द्या तसाच, पण परत या!"

कविराजांनी मागे वळून पाहिले नाही. वळावेसे वाटले नाही असे नव्हे. पण शेजारी पत्नी चालत होती, तिचा उजवा अंगठा पदराआड काहीतरी करीत होता, आणि या वेळी तिकडे न पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते त्यांनी जन्मात प्रथमच मन लावून केले.

जिन्याच्या तोंडाशी त्यांच्या लक्षात आले, की पर्सचा पट्टा ताणून तिच्या खांद्यात रुतला आहे आणि ती एका बाजूला कलून चालते आहे. त्यांनी हात पुढे केला.

"आण, पर्स मी घेतो."

"नको," ती म्हणाली, आणि पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "जड आहे."